यादीतला लांडगा

अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या पूर्व भागातून 395 क्रमांकाचा महामार्ग दक्षिणोत्तर जातो. दोन्ही बाजूंना सुक्या गवताच्या टेकड्या, खुरटी झुडपं, मैलोन्मैल तारांची कुंपणं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं या रस्त्याच्या बऱ्याच भागाला सीमारेषा करून टाकलं आहे. रस्त्याच्या पश्चिमेला असलेला लांडगा धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे. त्याला मारणाऱ्याला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. तोच लांडगा रस्ता ओलांडून पूर्वेला आला की यादीबाहेर पडतो आणि राज्याच्या नियमांखाली येतो. तिथं तो वासरावर तुटून पडलेला दिसला तर गुरांचा मालक त्याला गोळी घालू शकतो.

2011 साली ओरेगनच्या ईशान्य कोपऱ्यातला एक तरुण नर आपला कळप सोडून निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओ-पट्टा होता आणि सरकारी नोंदीत त्याचं नाव होतं ओआर-7. जोडीदाराच्या शोधात तो शेकडो मैल चालला आणि त्या डिसेंबरच्या अखेरीस कॅलिफोर्नियात पोहोचला. 1924 नंतर कॅलिफोर्नियात नोंदला गेलेला तो पहिला रानटी लांडगा. त्या वाटेवर त्याला ही कायद्याची रेषा ओलांडावीच लागली होती. निघाला तेव्हा तो यादीबाहेरचा होता, पोहोचला तेव्हा यादीतला.

ही रेषा लांडग्याच्या रक्तात, आहारात किंवा सवयींत कुठेही नाही. ती आली वकिलांच्या युक्तिवादांतून, न्यायाधीशांच्या निकालांतून आणि शेवटी अर्थसंकल्पाच्या विधेयकात घुसवलेल्या एका छोट्या कलमातून. ती कशी आली हे मी इतक्या तपशिलात सांगणार आहे, कारण माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांचा हा वाद चुकीच्या प्रश्नावर लढला गेला. कायदा विचारतो, ही प्रजाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहे का? भांडणाऱ्या माणसांच्या मनात असतं ते असं, की आपल्या भूमीवर लांडग्याला किती जागा द्यायची आणि ते ठरवण्याचा अधिकार कुणाचा? हा दुसरा प्रश्न कायद्यात विचारता येत नाही. म्हणून दोन्ही बाजू पहिल्याच्या आडून दुसरा लढवत राहतात, आणि दर निकालागणिक लांडग्याचं नशीब टोकाकडून टोकाकडे फेकलं जातं.

अमेरिकेत लांडगा संपवणं हे एके काळी सरकारी धोरण होतं. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीनं 1630 मध्येच लांडग्याच्या डोक्यावर इनाम लावलं. 1915 पासून केंद्र सरकारनं पगारी शिकारी नेमून, विष पेरून, सापळे लावून हे काम तडीस नेलं. यलोस्टोन हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, पण त्याच्या आतले शेवटचे लांडगेही 1926 मध्ये मारले गेले, तेही उद्यानाच्याच नोकरांकडून. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अलास्का वगळता उरले ते फक्त मिनेसोटाच्या ईशान्य जंगलात आणि लेक सुपीरियरमधल्या आइल रॉयल बेटावर.

मग वारं फिरलं. 28 डिसेंबर 1973 रोजी अध्यक्ष निक्सन यांनी संकटग्रस्त प्रजाती कायद्यावर सही केली. सेनेटमध्ये तो 92 विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला होता. गरुड, देवमासा, अस्वल यांना वाचवायला त्या वेळी जवळजवळ कुणाचाच विरोध नव्हता. कायदा किती कडक आहे, हे पाच वर्षांनी कळलं. टेनेसीतलं एक धरण जवळजवळ बांधून झालं होतं आणि ते बोटभर लांबीच्या एका माशासाठी सर्वोच्च न्यायालयानं थांबवलं. काँग्रेसनं या कायद्यात खर्चाचा हिशेब मांडायला जागाच ठेवलेली नाही, असं न्यायालयानं स्पष्ट केलं. पुढच्याच वर्षी काँग्रेसनं त्या धरणाला सूट देणारा परिच्छेद दुसऱ्या एका विधेयकात घातला. निकाल पटला नाही की खर्चाच्या विधेयकाचं मागचं दार उघडायचं, ही वाट तेव्हाच पडली. लांडग्याच्या बाबतीत ती पुन्हा वापरली जाणार होती.

1978 मध्ये लांडगा अलास्का व हवाई सोडून उरलेल्या 48 राज्यांत 'संकटग्रस्त' ठरला. मिनेसोटात मात्र त्याला एक पायरी खालचा, 'असुरक्षित' असा दर्जा मिळाला. या दोन शब्दांतला फरक पुढच्या सगळ्या गोष्टीचा कणा आहे, म्हणून तो नीट समजून घेऊ. संकटग्रस्त प्राण्याला कुणीही हात लावायचा नाही. असुरक्षित प्राण्यासाठी सरकार वेगळे नियम करू शकतं. मिनेसोटात त्याच नियमांनुसार, गुरं मारणाऱ्या ठरावीक लांडग्यांना सरकारी माणसांनी पकडून मारण्याची सोय झाली. 1980 च्या दशकात सरकारनं त्या सोयीचा विस्तार करून शौकाच्या शिकारीलाही मुभा द्यायचा प्रयत्न केला. 1985 मध्ये अपील न्यायालयानं तो रोखला. संरक्षण म्हणजे संरक्षण. उपद्रवी प्राणी काढणं वेगळं आणि हौसेनं मारणं वेगळं, असा त्या निकालाचा आशय होता.

आता परिणाम पाहा. सत्तरच्या दशकात मिनेसोटात हजार-बाराशे लांडगे होते. नव्वदच्या दशकाअखेर ते दोन हजारांच्या वर गेले. दर वर्षी काही लांडगे सरकारी माणसांच्या हातून मरत होते, आणि तरीही संख्या वाढत होती. पशुपालकाला तक्रार करायला जागा होती, नुकसानभरपाई होती. लांडगाही पसरत होता. तिथूनच तो विस्कॉन्सिन आणि मिशिगनमध्ये आपल्या पायांनी पोहोचला. ही मधली पायरी चालत होती. या सगळ्या वादात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा दाखला, आणि दोन्ही बाजूंनी सर्वांत कमी उच्चारला तोही हाच.

पश्चिमेत गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. रॉकी पर्वतात लांडगे परत आणायचे ठरले तेव्हा 1982 च्या एका दुरुस्तीचा आधार घेतला गेला. तिच्यामुळे बाहेरून आणून सोडलेल्या कळपाला 'प्रायोगिक' म्हणता येतं आणि त्याच्याबाबतचे नियम सैल ठेवता येतात. 12 जानेवारी 1995 रोजी कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात पकडलेले आठ लांडगे पेट्यांतून यलोस्टोनला पोहोचले. अंतर्गत मंत्री ब्रूस बॅबिट यांनी स्वतः एका पेटीला खांदा लावला. पण शेतकरी संघटनेच्या अर्जावरून न्यायालयानं स्थगिती दिली होती. वकील भांडत होते, आणि लांडगे बंद पेट्यांमध्ये पडून होते, स्थगिती उठून त्यांना कुंपणात सोडेपर्यंत. दोन वर्षांत यलोस्टोनमध्ये 31 आणि आयडाहोत 35 लांडगे सोडले गेले. डिसेंबर 1997 मध्ये वायोमिंगच्या न्यायाधीशांनी हा सगळा कार्यक्रमच बेकायदा ठरवून लांडगे काढून न्या, असा आदेश दिला. आदेशाला त्यांनीच स्थगिती दिली म्हणून लांडगे राहिले, आणि जानेवारी 2000 मध्ये अपिलात आदेश रद्द झाला.

ठरलेलं उद्दिष्ट होतं: माँटाना, आयडाहो आणि वायोमिंग या तीन राज्यांत मिळून 300 लांडगे आणि 30 वीण देणाऱ्या जोड्या, सलग तीन वर्षं. 2002 च्या अखेरीस ते पूर्ण झालं. सरकारच्या हिशेबी काम फत्ते झालं होतं. खरा झगडा इथून सुरू झाला.

2003 मध्ये केंद्राच्या वन्यजीव खात्यानं देशाचे मोठाले तुकडे पाडले आणि पूर्व व पश्चिम भागातल्या लांडग्यांना 'संकटग्रस्त'वरून 'असुरक्षित'वर आणलं. म्हणजे मिनेसोटाची मधली पायरी इतरत्र नेली. पर्यावरण संघटना न्यायालयात गेल्या. 2005 मध्ये ओरेगन आणि व्हर्माँट इथल्या न्यायाधीशांनी तो निर्णय रद्द केला. त्यांचं कारण कायद्याच्या दृष्टीनं भक्कम होतं. लांडगे वाढले होते ते रॉकीत आणि मिनेसोटात. त्या यशाच्या जोरावर वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया, न्यू इंग्लंड अशा लांडगे नसलेल्या प्रदेशांतलं संरक्षणही खात्यानं खाली आणलं होतं. एका कोपऱ्यातलं भरलेलं भांडं दाखवून सगळं घर भरलं, असं म्हणण्याचा तो प्रकार होता.

तो निकाल बरोबर होता, असंच मी म्हणेन. पण त्याची किंमत मोठी पडली, हेही सांगायला हवं. त्यानंतर खात्यानं मधल्या पायरीचा नाद सोडला. 2007, 2008, 2009, 2011, 2020 असा एकामागून एक प्रस्ताव आला तो थेट यादीतून काढण्याचाच. संघटनांना आणखी नेमका तुकडा पाडून मधली पायरी मागता आली असती. त्यांनीही पूर्ण संरक्षणच मागितलं. दोन्ही बाजूंना आता फक्त जिंकायचं किंवा हरायचं होतं.

या खटल्यांच्या मुळाशी कायद्याचा एक शब्दसमूह आहे. 'आपल्या संपूर्ण विस्तारक्षेत्रात किंवा त्याच्या लक्षणीय भागात' नामशेष होण्याचा धोका असलेली प्रजाती ती संकटग्रस्त, अशी व्याख्या आहे. पण विस्तारक्षेत्र कोणतं? लांडगा आज जिथं आहे ते, की पूर्वी जिथं होता ते? खातं म्हणतं, आज आहे ते. संघटना म्हणतात, माणसानं जिथून त्याला हुसकावलं तो प्रदेशही मोजा. पहिला अर्थ घेतला तर एक विचित्र गोष्ट घडते. एखादी प्रजाती दहातल्या नऊ प्रदेशांतून पार नष्ट करा, दहाव्यात जपा. आजच्या क्षेत्रापुरती ती सुखरूप ठरते. जितकं जास्त नष्ट केलं, तितका हिशेब सोपा होत जातो. दुसरा अर्थ टोकाला नेला तर डेन्व्हर आणि शिकागोच्या रस्त्यांवर लांडगे फिरेपर्यंत यादीतून सुटका नाही. 2017 मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधल्या अपील न्यायालयानं मधली वाट काढली. आजचं क्षेत्र धरणं चालेल, पण गमावलेल्या क्षेत्राचा उरलेल्या प्राण्यांवर काय परिणाम होतो हे न पाहता निर्णय घेता येणार नाही, असं सांगून न्यायालयानं ग्रेट लेक्स भागातल्या लांडग्यांचं संरक्षण कायम ठेवलं. मला ही मांडणी पटते. जमीन गेली ती गेली, पण गेल्याची नोंद हिशेबात राहिलीच पाहिजे.

2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक खांब हलवला. कायद्यातला शब्द संदिग्ध असेल तर खात्यानं लावलेला वाजवी अर्थ न्यायालयांनी मानावा, हा चाळीस वर्षांचा शिरस्ता त्यानं मोडला. आता 'लक्षणीय भाग' म्हणजे काय ते न्यायाधीश स्वतः ठरवतील. म्हणजे लांडग्याची सीमा आखण्याचं काम जीवशास्त्रज्ञांपासून आणखी दूर सरकलं.

सर्वांत काळा अध्याय 2010-11 चा आहे. 2009 मध्ये खात्यानं रॉकीतल्या लांडग्यांना यादीतून काढलं, पण वायोमिंगला वगळून. कारण त्या राज्यानं बहुतांश भूभागात लांडग्याला वाटेल तेव्हा मारता येईल असा कायदा केला होता. ऑगस्ट 2010 मध्ये माँटाना इथले न्यायाधीश डोनाल्ड मॉलॉय यांनी निकाल दिला: कायद्याच्या भाषेत हा एकच समूह आहे, त्याचे राज्यांच्या सीमांवर तुकडे पाडून अर्ध्याला संरक्षण आणि अर्ध्याला नाही, असं करता येणार नाही. तेव्हा रॉकीत सोळा-सतराशे लांडगे होते, उद्दिष्टाच्या पाचपटीहून अधिक. माँटाना आणि आयडाहो इथं संतापाची लाट उसळली. आम्ही सांगितलं ते सगळं केलं, तरी शेजारच्या राज्याच्या हट्टापायी शिक्षा आम्हाला का, असं तिथले लोक विचारू लागले. तो प्रश्न रास्त होता.

मार्च 2011 मध्ये दहा संघटनांनी सरकारशी तडजोड केली: माँटाना आणि आयडाहोतलं संरक्षण तात्पुरतं उठवू द्या, बदल्यात बाकीच्या ठिकाणी ते टिकू द्या. उरलेल्या संघटना तयार नव्हत्या. एप्रिलमध्ये मॉलॉय यांनी ती तडजोड नाकारली. सगळे पक्षकार राजी नसताना आपणच दिलेला निकाल बाजूला ठेवता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यानंतर आठवडाही उलटला नाही. सरकारी कामकाज बंद पडू नये म्हणून घाईत आणलेल्या खर्चाच्या विधेयकात 1713 वं कलम घातलं गेलं. पुढे सरसावले आयडाहोचे रिपब्लिकन माइक सिम्पसन आणि माँटानाचे डेमोक्रॅट जॉन टेस्टर, ज्यांची निवडणूक पुढच्याच वर्षी होती. कलमानं दोन गोष्टी केल्या. 2009 चा निर्णय पुन्हा जारी करा, आणि त्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागता येणार नाही. 15 एप्रिल 2011 रोजी अध्यक्ष ओबामा यांनी सही केली. या कायद्याच्या इतिहासात काँग्रेसनं स्वतः एखाद्या प्राण्याला यादीतून काढलं, ते तेव्हा पहिल्यांदा.

मॉलॉय यांच्यासमोर या कलमाविरुद्धचा खटला आला तेव्हा त्यांनी लिहिलं की आपल्या मते हे सत्ताविभाजनाच्या तत्त्वाविरुद्ध आहे, पण वरिष्ठ न्यायालयांचे पूर्वीचे निकाल आपल्यावर बंधनकारक आहेत. खटला फेटाळला गेला, अपिलातही.

लांडग्यांची संख्या पुरेशी होती, हे मी मान्य करतो. माँटानाचा राग समजू शकतो. पण न्यायालयाचं दार बंद करणं ही वेगळ्या दर्जाची गोष्ट आहे. काँग्रेसला कायदाच बदलायचा होता तर तो उघडपणे, चर्चा करून, सगळ्या प्रजातींसाठी बदलायला हवा होता. राज्यांच्या सीमेनुसार समूहाचे तुकडे पाडता येतील, अशी सरळ दुरुस्ती करता आली असती. तसं केलं असतं तर मतं मोजावी लागली असती आणि कारणं द्यावी लागली असती. इथं एका प्राण्यापुरतं, एका प्रदेशापुरतं, एका निवडणुकीपुरतं न्याय मागण्याचं दार बंद केलं गेलं. संघटनांच्या हट्टानं ही वेळ आणली असं काही जण म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. तडजोड सगळ्यांनी स्वीकारली असती तर कदाचित हे घडलं नसतं. तरी दार बंद करणाऱ्याचा दोष दार ठोठावणाऱ्याच्या माथी मारता येत नाही.

या लंबकाखाली प्रत्यक्ष लांडग्याचं काय होतं, ते यलोस्टोनच्या एका मादीच्या मृत्यूत दिसतं. तिचा क्रमांक 832 एफ. लामार खोऱ्यातल्या कळपाची ती म्होरकी. हजारो पर्यटकांनी तिला दुर्बिणीतून पाहिलं होतं. डिसेंबर 2012 मध्ये ती उद्यानाच्या सीमेबाहेर वायोमिंगमध्ये गेली आणि परवानाधारक शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडली. वायोमिंगमधलं संरक्षण त्याच सप्टेंबरअखेर उठलं होतं. सप्टेंबर 2014 मध्ये न्यायालयानं ते उठवणं बेकायदा ठरवलं. मार्च 2017 मध्ये अपील न्यायालयानं ते कायदेशीर ठरवलं. म्हणजे तिच्या मृत्यूला पाच वर्षंही झाली नव्हती, तोवर ज्या निर्णयामुळे ती मारली गेली तो आधी वैध, मग अवैध आणि मग पुन्हा वैध ठरला.

आता विस्कॉन्सिनकडे वळू. कारण राज्यांवर विश्वास ठेवा म्हणणाऱ्यांना उत्तर तिथं मिळतं. जानेवारी 2021 मध्ये 48 राज्यांतलं संरक्षण उठलं. विस्कॉन्सिनच्या कायद्यात आधीपासून तरतूद होती की लांडगा यादीबाहेर असेल तर राज्यानं शिकारीचा हंगाम ठेवलाच पाहिजे. राज्याचं खातं नोव्हेंबरपर्यंत थांबणार होतं. एका शिकारी संघटनेनं खटला भरला आणि फेब्रुवारीतच हंगाम घ्या, असा आदेश मिळवला. फेब्रुवारी हा लांडग्यांच्या मीलनाचा काळ. राज्यानं एकूण 200 लांडग्यांची मर्यादा ठरवली. करारांनुसार त्यातले 81 ओजिब्वे आदिवासींच्या वाट्याचे आणि 119 इतर शिकाऱ्यांचे. 22 फेब्रुवारीला हंगाम उघडला. कुत्र्यांचे ताफे बर्फात सोडले गेले. तीन दिवस पुरे होण्याआधी हंगाम बंद करावा लागला आणि मोजदाद झाली ती 218 ची. आपल्या वाट्याच्या जवळजवळ दुप्पट.

ओजिब्वेंच्या 81 बद्दल सांगायलाच हवं. 1837 आणि 1842 च्या करारांत या लोकांनी उत्तर विस्कॉन्सिनमधली जमीन अमेरिकेच्या स्वाधीन केली, पण तिच्यावर शिकार करण्याचा, मासे धरण्याचा, धान्य गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. त्यांच्या भाषेत लांडग्याला 'माइंगन' म्हणतात आणि त्यांच्या परंपरेत तो माणसाचा भाऊ आहे. एकाचं जे होईल तेच दुसऱ्याचं होईल, असं ते मानतात. त्यांनी आपला वाटा मागून घेतला तो लांडगे मारण्यासाठी नव्हे, ते जिवंत ठेवण्यासाठी. बाकीच्या शिकाऱ्यांनी आपल्या वाट्याबाहेर आणखी 99 मारले, म्हणजे जिवंत ठेवलेला तो सगळा वाटाही संपवला. करारातला हक्क म्हणजे फक्त मारण्याचा हक्क, असाच अर्थ त्या तीन दिवसांत लावला गेला. माझ्या लेखी हा लांडग्याइतकाच माणसांवरचा अन्याय आहे.

फेब्रुवारी 2022 मध्ये कॅलिफोर्नियातले न्यायाधीश जेफ्री व्हाइट यांनी संरक्षण परत आणलं. मात्र रॉकी भाग 2011 पासून वेगळ्या वाटेवर असल्यानं तिथं ते परतलं नाही. त्या दरम्यान आयडाहो आणि माँटाना यांनी 2021 मध्ये नवे कायदे केले: आयडाहोत कंत्राटी शिकारी, परवान्यांवर मर्यादा नाही, खासगी जमिनीवर वर्षभर सापळे. त्या हिवाळ्यात यलोस्टोनच्या सीमेबाहेर उद्यानातले पंचवीसेक लांडगे मारले गेले. मग पश्चिमेतल्या लांडग्यांना पुन्हा यादीत घ्या, हा अर्ज खात्यानं फेब्रुवारी 2024 मध्ये नाकारला आणि ऑगस्ट 2025 मध्ये त्याच मॉलॉय यांनी तो नकार रद्द करून खात्याला फेरविचार करायला सांगितलं.

यादीतून काढणं म्हणजे खुल्या कत्तलीला परवाना, ही भीती संघटनांनी बाळगली ती काल्पनिक नव्हती, हे विस्कॉन्सिननं आणि आयडाहोनं सिद्ध केलं. आणि तरीही गुरं राखणाऱ्या माणसाला मी या कथेतला खलनायक मानायला तयार नाही. देशभरातल्या गुरांच्या मृत्यूंत लांडग्यांचा वाटा फार लहान आहे, असं शहरातले लोक सांगतात, आणि ते खरं आहे. पण नुकसान सरासरीनं वाटलं जात नाही. एखाद्या खोऱ्यातलं एकच कुटुंब एका हंगामात आठ-दहा वासरं गमावतं आणि शेजारच्या खोऱ्यात एकही जात नाही. मारलेलं वासरू सापडतं तेव्हा बहुधा हाडं उरलेली असतात. ते लांडग्यानंच मारलं हे सिद्ध केल्याशिवाय बहुतेक ठिकाणी पूर्ण भरपाई नाही. कोलोरॅडोत 2020 साली लांडगे परत आणायचे की नाही यावर जनमत घेतलं गेलं आणि ते 51 टक्क्यांच्या आत-बाहेर अशा निसटत्या बहुमतानं मंजूर झालं. मतं पडली डेन्व्हर आणि आसपासच्या शहरांत. डिसेंबर 2023 मध्ये लांडगे सोडले गेले ते पर्वताच्या पश्चिमेला, जिथल्या बहुतेक लोकांनी विरोधात मत दिलं होतं. ही लोकशाही आहे, पण जिच्यात हो म्हणणारा वेगळा आणि झळ सोसणारा वेगळा, अशी.

युरोपातही हेच वळण आलं आहे. 1979 च्या बर्न करारानं लांडग्याला कडक संरक्षण दिलं. इटली, पोलंड, जर्मनीमार्गे तो परतला आणि आज युरोपीय संघात वीस हजारांच्या आसपास आहे. 2022 मध्ये युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायन यांचं तट्टू लांडग्यानं मारलं. डिसेंबर 2024 मध्ये बर्न करारातला दर्जा खाली आणला गेला आणि 2025 मध्ये संघाच्या कायद्यातही तोच बदल करायला युरोपीय संसदेनं मंजुरी दिली. तट्टूमुळे धोरण बदललं, असं मी म्हणणार नाही. गुरांचं नुकसान वाढतच होतं. फरक इतकाच की युरोपानं लांडग्याला एक पायरी खाली आणलं. जिना संपवला नाही. प्रजातीची स्थिती चांगली राखण्याचं बंधन देशांवर अजून आहे.

आपल्याकडे लांडगा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. सोलापूर, पुणे, अहिल्यानगरच्या माळरानांवर तो मेंढरांच्या कळपांच्या मागोमाग जगतो, आणि धनगराचं कोकरू उचलतो. धनगर त्याला शिव्याही घालतो आणि माळावरचा एक रहिवासी म्हणून ओळखतोही. आपल्या कायद्यात यादीतून बाहेर पडण्याची शास्त्रीय कसोटीच नाही, म्हणून अमेरिकेसारखे खटले इथं झाले नाहीत. त्याचं श्रेय मी कायद्याला देत नाही. माळरानं सौर प्रकल्पांत, कारखान्यांत आणि प्लॉटिंगमध्ये जात असताना अनुसूचीतलं नाव लांडग्याला राहायला जागा देत नाही. अमेरिकेत कायद्यात जागा मिळवण्यासाठी भांडण आहे. इथं कायद्यात जागा आहे, पण पायाखालची जमीन चालली आहे.

तर मग काय करायला हवं? माझी मागणी तीन गोष्टींची आहे. पहिली, 'असुरक्षित' ही मधली पायरी पुन्हा खऱ्या अर्थानं वापरात आणा. ती वापरताना 2005 च्या निकालांनी सांगितलेली मर्यादा पाळा: जिथं लांडगे वाढले आहेत तिथंच दर्जा उतरवा, जिथं ते पोहोचलेलेच नाहीत तिथं नाही. दुसरी, राज्याच्या हाती लांडगा सोपवायचा असेल तर तो बिनशर्त सोपवू नका. माँटाना किंवा आयडाहोनं किती लांडगे राखायचे याचा किमान आकडा आहे. पण पंधराशेवरून दीडशेवर येण्यास तो अडवत नाही. किमान आकडा म्हणजे खोलीची जमीन आहे. इथं छतापासून जमिनीपर्यंत पडू देण्याची मुभा आहे. घसरणीचा वेग रोखणारी अट हवी. एका हंगामात ठरावीक प्रमाणाबाहेर संख्या घटली, की केंद्रानं सूत्रं आपोआप हाती घ्यावीत. विस्कॉन्सिनच्या तीन दिवसांनंतर याहून कमी काही मागणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. तिसरी, भरपाई पुराव्याच्या अटीवर अडकवू नका. ज्या कुरणांवर लांडगे राहतात, तिथल्या पशुपालकाला लांडगा नांदतो म्हणूनच पैसे द्या, मेलेलं वासरू सापडो वा न सापडो. लांडगा सगळ्या देशाला हवा असेल तर त्याचा खर्चही सगळ्या देशानं उचलावा.

ओजिब्वेंचा प्रश्न या तिन्हींत बसत नाही आणि तो बसवूही नये. करार करणारं ते दुसरं सरकार आहे. त्यांच्या वाट्यातले लांडगे त्यांनी जिवंत ठेवले, तर ते जिवंतच राहिले पाहिजेत.

आणि कलम 1713 रद्द झालं पाहिजे. त्यानं लांडग्याचं किती नुकसान केलं यावर मतभेद असू शकतात. 2011 मध्ये रॉकीतले लांडगे नामशेष होण्याच्या बेतात नव्हते. पण काँग्रेसनं तेव्हा जे शिकवलं ते पुढच्या प्रत्येक प्राण्याच्या वेळी आठवलं जाईल: निकाल नको असेल तर न्यायालयाचंच दार बंद करता येतं, आणि त्यासाठी खर्चाच्या विधेयकात एक परिच्छेद पुरतो. ते कलम आजही लागू आहे.